वायरींची रात्र आणि जळकोटचं लेकरू

लेकरू मोठ्यानं घोरायला लागलं की घरातली माणसं एकमेकांकडे बघून हसतात. "बापावर गेलंय," आजी म्हणते. "दिवसभर उंडारलंय, गाढ लागलीय झोप," आई म्हणते. आजोबांना त्यात चांगल्या तब्येतीची खूण दिसते. तिघांचंही बोलणं मायेचं असतं. पण चार-पाच वर्षांचं लेकरू आठवड्यातल्या तीन रात्री किंवा त्याहून जास्त घोरत असेल, मान मागं टाकून तोंड उघडं ठेवून झोपत असेल, मध्येच घोरणं थांबून नुसती छाती-पोट वरखाली होत असेल आणि मग एकदम धापेसारखा श्वास सुटत असेल, तर ती गाढ झोप नव्हे. ते लेकरू श्वासासाठी झगडत असतं आणि हा झगडा रात्रीतून कितीतरी वेळा होतो.

कारण बहुतेक वेळा साधं असतं. घशात दोन्ही बाजूंना टॉन्सिल आणि नाकाच्या मागं, पडजिभेच्या वरच्या अंगाला अडिनॉइड नावाची गाठ. साधारण दोन ते आठ वर्षांच्या काळात घशातल्या जागेच्या मानानं या गाठी सर्वांत मोठ्या असतात. जागेपणी घशाचे स्नायू ताणलेले असल्यामुळे वाट उघडी राहते. झोपेत ते सैल पडले की वाट अरुंद होते, कधी पूर्ण मिटते. रक्तातला प्राणवायू उतरतो, मेंदू लेकराला क्षणभर जागं करतो, श्वास सुटतो आणि पुन्हा झोप लागते. सकाळी लेकराला यातलं काहीच आठवत नाही. आईला दिसतं ते एवढंच, की उशी घामानं भिजलीय, पाच वर्षांचं झालं तरी अंथरूण ओलं होतंय, खाऊनपिऊन अंगाला काही लागत नाही.

दिवसाचं चित्र आणखी फसवं. नीट झोप न झालेला मोठा माणूस पेंगतो, पण लहान लेकरू पुष्कळदा उलट वागतं. एका जागी बसत नाही, चिडतं, मारामाऱ्या करतं, शिकवलेलं डोक्यात राहत नाही. अंगणवाडीत आणि पहिलीच्या वर्गात त्याला 'वांड' ही पदवी मिळते. मला या साऱ्या प्रकरणात सर्वांत जास्त टोचतं ते हेच. जे लेकरू रात्रभर दमतं, त्यालाच दिवसा मार बसतो.

या आजाराची नीट वैद्यकीय ओळखही तशी अलीकडचीच. अमेरिकेत स्टॅनफर्डला ख्रिश्चन गिलमिनो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७६ मध्ये आठ लेकरांच्या झोपेतल्या श्वासबंदीची नोंद प्रसिद्ध केली. लेकरांतला हा आजार डॉक्टरमंडळी गंभीरपणे घेऊ लागली ती तेव्हापासून. अमेरिकी बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीच्या २०१२ च्या मार्गदर्शिकेत त्याचं प्रमाण शंभरात एक ते पाच लेकरं असं दिलं आहे. प्रत्येक लेकराच्या तपासणीत "घोरतं का?" हा प्रश्न विचारलाच पाहिजे, असंही त्यात स्पष्ट म्हटलं आहे.

जळकोट हे धाराशिव जिल्ह्यात, तुळजापूर तालुक्यातलं, सोलापूर–हैदराबाद महामार्गावरचं गाव. लातूर जिल्ह्यातला जळकोट तालुका वेगळा. नळदुर्गचा किल्ला मागं टाकून उमरग्याकडे निघालं की हे जळकोट लागतं. इथल्या एखाद्या आईनं लेकराला कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवलं आणि त्यांनी चिठ्ठीवर 'स्लीप स्टडी' लिहून दिलं, तर पुढचा रस्ता लांबचा आहे. रात्रभर झोपवून करायची ही तपासणी मोठ्या शहरांतच होते आणि त्यातही लहान लेकरांचा सराव असलेली केंद्रं मोजकी. आधी सोलापूरला विचारायचं. तिथं सोय झाली नाही तर एकीकडे पुणं, दुसरीकडे हैदराबाद. पुणं तर सोलापूरच्याही पुढं अडीचशे किलोमीटर.

प्रत्येक घोरणाऱ्या लेकराची ही तपासणी होते असं नाही. तपासून आणि लक्षणं ऐकून डॉक्टर अनेकदा थेट शस्त्रक्रियेचा निर्णय घेतात. पण लेकरू दोन वर्षांच्या आतलं असेल, फार लठ्ठ असेल, त्याला डाउन सिंड्रोम, सिकलसेल किंवा स्नायूंचा आजार असेल, चेहऱ्याच्या हाडांची ठेवण जन्मतः वेगळी असेल, तर टॉन्सिलच्या शस्त्रक्रियेआधी ही तपासणी करावी, असं अमेरिकी कान-नाक-घसा तज्ज्ञांची २०१९ ची मार्गदर्शिका सांगते. घशात टॉन्सिल केवढे दिसतात यावरून आजार किती गंभीर आहे ते कळत नाही. तो किती गंभीर आहे हे ठाऊक असलं, तर शस्त्रक्रियेनंतरची रात्र लेकराला देखरेखीखाली ठेवायचं की नाही, हे ठरवता येतं. म्हणून चिठ्ठी मिळाली असेल तर ती टाळू नये.

टाळली जाते ती मुख्यतः भीतीनं. "डोक्याला वायरी लावतात" एवढं कानावर आलं की गावात पुढचं वाक्य तयार असतं, "म्हणजे शॉक देतात." वेडावरच्या उपचाराची जुनी भीती त्या वायरींना चिकटलेली आहे. म्हणून पहिली गोष्ट आईबापांनी स्वतः समजून घ्यायची. या वायरी लेकराच्या अंगात काही सोडत नाहीत. मेंदू, हृदय आणि स्नायू जे सूक्ष्म विद्युतसंकेत आपणहून निर्माण करतात, ते फक्त टिपून घेतात. सुई नाही, रक्त काढणं नाही आणि झोपेचं औषध शक्यतो देतच नाहीत. औषधानं घसा आणखी सैल पडतो, मग दिसणारी झोप लेकराची रोजची झोप राहत नाही.

झोपेच्या शास्त्राचा एक मोठा शोध एका लेकराच्या अंगावर वायरी लावूनच लागला, हे इथं सांगायला हवं. शिकागो विद्यापीठात युजीन अॅसेरिन्स्की नावाचा विद्यार्थी १९५१ च्या सुमारास एक जुनं नोंदयंत्र दुरुस्त करून झोपेतल्या डोळ्यांच्या हालचाली टिपायच्या खटपटीत होता. डोळ्यांच्या कडेला आणि डोक्याला तारा लावून त्यानं रात्रभर झोपवलं ते स्वतःच्या मुलाला, आठ वर्षांच्या आर्मंडला. मध्यरात्री कागदावरचा काटा वेड्यासारखा नाचू लागला. बापाला वाटलं, पोरगा जागा झाला. आत जाऊन बघतो तर आर्मंड झोपलेला. डोळ्यांची वेगानं हालचाल होणारी, स्वप्नांची झोप ती हीच. अॅसेरिन्स्की आणि त्याचे गुरू नॅथॅनियल क्लाइटमन यांनी १९५३ मध्ये ती जगापुढं मांडली. लेकरांचा श्वास सर्वांत जास्त अडतो तोही या झोपेत, आणि ती पहाटेकडे वाढते. तपासणी पूर्ण रात्रीची का लागते, याचं उत्तर त्यातच आहे.

दुसरं एक यंत्र तर जळकोटच्या घराघरात जाऊन आलेलं आहे. ताकुओ आओयागी या जपानी अभियंत्यानं १९७० च्या दशकात शोधलेल्या तत्त्वावर चालणारा, बोटाला लावायचा ऑक्सिमीटर. २०२० च्या सप्टेंबरात 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' मोहीम निघाली, तेव्हा राज्यभर आरोग्याची पथकं तो घेऊन दारोदार फिरली. झोपेच्या तपासणीत तोच लाल दिवा रात्रभर लेकराच्या बोटावर किंवा पायाच्या अंगठ्यावर राहतो. लेकराला समजावताना सुरुवात इथूनच करावी. "कोरोनात आशाताईंनी आजीच्या बोटाला लावला होता, तोच."

आता तयारीचं. रात्र साधते की बिघडते, हे बरंचसं घरीच ठरतं.

सर्वांत आधी एक सवय सोडावी लागते. "गप बस, नाहीतर डॉक्टर सुई टोचतील," हे वाक्य आपल्याकडे लेकरू बोलायला लागायच्या आधीपासून त्याच्या कानावर पडतं. दवाखाना म्हणजे शिक्षा, हे त्याच्या मनात आपणच पेरतो आणि मग तिथं ते किंचाळलं की आपल्यालाच लाज वाटते. तपासणीची तारीख मिळाली त्या दिवसापासून हे वाक्य घरात कुणीही म्हणायचं नाही, आजोबांनीसुद्धा. दुसरी सवय खोटं सांगण्याची. "मामाच्या गावाला चाललोय" असं सांगून लेकराला गाडीत बसवायचं आणि उतरवायचं ते रुग्णालयाच्या दारात. ही फसवणूक एकदा खपते. त्यानंतर लेकरू आईच्या शब्दावर विश्वास ठेवत नाही आणि त्या रात्री आईचा शब्द हाच एक आधार असतो.

सांगायचं कधी? तीन वर्षांच्या लेकराला आठवडाभर आधी सांगून उपयोग नाही, त्याला 'परवा'सुद्धा नीट कळत नाही. एक-दोन दिवस आधी पुरे. पाच-सहा वर्षांच्या लेकराला चार-पाच दिवस आधी सांगावं, म्हणजे त्याला प्रश्न विचारायला वेळ मिळतो. आणि ते प्रश्न विचारतंच. "दुखंल का?" नाही दुखणार, पण डोक्याला थोडं घासतील आणि गार, चिकट लागेल. "तू कुठं असशील?" तुझ्याच खोलीत. "मुतायला लागली तर?" ताई वायरींची पेटी काढून हातात देतील, जाऊन यायचं. "घरी कधी?" सकाळी. खरं उत्तर छोटंच असतं आणि लेकराला तेवढंच पुरतं. "काहीच होणार नाही" असं मात्र म्हणू नये. काहीतरी होणार हे त्याला कळतंच.

मग खेळ. बाहुली असली तर बाहुली, नसली तर उशीला डोळे काढावेत. तिच्या कपाळाला, गालांना, हनुवटीला, पायांना औषधाच्या दुकानातली कागदी चिकटपट्टी लावावी आणि पट्टीला रंगीत दोरे. छातीला आणि पोटाला आजोबांच्या उपरण्याच्या दोन घड्या बांधाव्यात, कारण तिथं खरोखर दोन पट्टे येतात. श्वास घेताना छाती आणि पोट एकत्र हलतात की उलटसुलट, हे ते पट्टे सांगतात. बाहुलीला झोपवून झालं की लेकरानं तेच आईला लावावं आणि शेवटी स्वतःला लावून घ्यावं. हा क्रम सोडू नये. आधी स्वतः लावणारा होऊ दिला की लावून घेणं सोपं जातं. श्वास टिपायला नाकाखाली एक नळी लावतात, तिचा सराव वेगळा करावा, कारण लेकरं सर्वांत जास्त झटकतात ती हीच. केंद्रानं वापरायची नळी आधी दिली तर उत्तम. नाहीतर नाकाखाली चिकटपट्टीचा एक तुकडा संध्याकाळी टीव्ही बघताना पाच मिनिटं, दुसऱ्या दिवशी दहा.

डोक्याचं माप टेपनं घेतात, शिंपी अंगाचं माप घेतो तसं, आणि पेन्सिलीनं खुणा करतात. घरात टेप असेल तर हेही खेळून घ्यावं. "तुझ्या डोक्याचं माप किती?" हा प्रश्न लेकरांना फार आवडतो.

आता ज्या गोष्टी शहरातल्या छापील सूचनापत्रात बहुधा सापडायच्या नाहीत, त्या. आपल्याकडे प्रवासाला निघताना लेकराच्या डोक्याला तेल चोपडून घट्ट वेण्या घालतात. त्या दिवशी तेल अजिबात नको. आदल्या रात्री किंवा सकाळी शाम्पूनं डोकं धुऊन केस कोरडे आणि मोकळे ठेवावेत. तेलकट डोक्याला वायर धरत नाही आणि मग रात्री बारा वाजता झोपलेल्या लेकराचं डोकं पुन्हा घासावं लागतं. जावळ काढलेलं नसेल, नवस फेडायचा राहिला असेल, तर त्याची काळजी नको. केस कापत नाहीत, भांग पाडून मधल्या जागेत वायर लावतात. काजळ नको, गालावरची तीट नको, डोळ्यांच्या कडेला पट्टी लागते. बोटांना नखपॉलिश आणि मेंदी नको, ऑक्सिमीटरचा उजेड अडतो. पायांतले वाळे-पैंजण, कमरेचा करदोडा, गळ्यातला ताईत यांचं काय करायचं ते घरी आधीच ठरवावं. पायांना वायरी आणि पोटाला पट्टा येतो. आजीला करदोडा काढणं मानवणार नसेल तर तो सैल करून थोडा खाली सरकवता येतो. ही बोलणी घरात शांतपणे व्हावीत, तंत्रज्ञासमोर रात्री नऊ वाजता नव्हे.

अंगावर पुढं गुंड्या असलेला सुती सदरा आणि विजार. एकसंध झगा नको. दुपारनंतर चहा नाही. मराठवाड्यात लेकरं बशीभर चहा पितात आणि त्याकडे कुणी चहा म्हणून बघतही नाही, म्हणून मुद्दाम सांगतो. दुपारची झोप सुटलेल्या लेकराला त्या दिवशी एसटीत झोपू देऊ नये. अवघड आहे, खिडकीचा वारा लागला की डोळे मिटतातच. शक्य असेल तर सकाळची गाडी धरावी, म्हणजे डुलकी लागली तरी ती दुपारी बाराच्या आत आटोपते. रोजची औषधं डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय बंद करू नयेत. सर्दी-ताप असेल तर निघण्याआधी फोन करून तारीख बदलून घ्यावी, कारण चोंदलेल्या नाकाची रात्र खोटं उत्तर देते. तपासणीचा खर्च, योजनेतून काही मिळतं का, रेशनकार्ड-आधार यांतलं काय आणायचं, हेही त्याच फोनवर.

आणि वाकळ. लेकराची रोजची, घरच्या वासाची वाकळ पिशवीत भरावीच. रुग्णालयाची चादर पांढरीशुभ्र असते, पण लेकराला ती परकी असते.

रात्री काय होतं ते थोडक्यात. वायरी लावायला पाऊण ते एक तास जातो. तेवढा वेळ लेकरानं आईच्या मांडीवर बसून मोबाईलवर हवं ते बघावं, त्या दिवशी सूट. मग दिवा मालवतात, अंधारात बघणारा कॅमेरा सुरू होतो, शेजारच्या खोलीत तंत्रज्ञ पडद्यावर लक्ष ठेवून बसतात. लेकरू नाकाची नळी ओढून काढतं, बोटाचा दिवा फेकून देतं. हे अगदी नेहमीचं आहे, रागवू नये. झोप लागल्यावर तंत्रज्ञ हळूच येऊन पुन्हा लावतात. प्रत्येक तार प्रत्येक मिनिटाला बोलली पाहिजे असं नसतं. पुरेशा तासांची झोप मिळाली की डॉक्टरांना नोंद वाचता येते.

आई किंवा बाप खोलीत झोपणार हे आपल्याला गृहीतच वाटतं. पाश्चात्त्य जगाला ते शिकावं लागलं. इंग्लंडमध्ये एके काळी लेकराला वॉर्डात सोडून आईनं ठरलेल्या वेळीच भेटायला यायचं, असा नियम होता. जेम्स रॉबर्टसन यांनी १९५२ मध्ये रुग्णालयात एकट्या राहिलेल्या दोन वर्षांच्या मुलीवर चित्रपट काढला, तो बघून डॉक्टरमंडळी अस्वस्थ झाली. पुढं १९५९ च्या प्लॅट समितीच्या अहवालानं आईबापांना दारं उघडावीत असं सांगितलं. आपल्या सरकारी दवाखान्यांत आई खाटेखाली चटई टाकून कायमच राहत आली. ही आपली मोठी जमेची बाजू आहे. फक्त एक पथ्य पाळावं. खोलीत एकच मोठं माणूस, आणि आईबापांपैकी जो शांत राहू शकतो तो. आईला वायरी बघून रडू येणार असेल तर बापानं आत जावं, त्यात कमीपणा नाही.

सकाळी कोमट पाण्यानं चिकटा सुटतो आणि मग हवं तेवढं तेल घालावं. निकाल लगेच मिळत नाही, तंत्रज्ञाला विचारून त्याला अडचणीत टाकू नये. अहवालात एक आकडा महत्त्वाचा असतो. तासाला सरासरी किती वेळा श्वास अडला. मोठ्या माणसात हा आकडा पाचच्या आत असला तर ठीक मानतात. लेकरात एकच्या वर गेला तरी डॉक्टर दखल घेतात. मोठ्यांचा श्वास दहा सेकंद अडला तर तो मोजतात, लेकराचा दोन श्वासांएवढा वेळ अडला तरी मोजतात. म्हणून मोठ्यांच्या मापानं लेकराचा अहवाल वाचून "एवढं काही नाही" असं कुणी म्हटलं, तर बालरोगाच्या जाणकाराला पुन्हा दाखवावं.

पुढं बहुतेकांना टॉन्सिल-अडिनॉइडची शस्त्रक्रिया सुचवली जाते, सौम्य आजारात नाकातला फवारा किंवा नुसती वाट बघणं. वाट बघण्यालाही आधार आहे. अमेरिकेत पाच ते नऊ वर्षांच्या ४६४ लेकरांवर झालेल्या अभ्यासाचा निष्कर्ष २०१३ मध्ये आला. शस्त्रक्रिया झालेल्या लेकरांपैकी ७९ टक्क्यांची झोप-तपासणी सात महिन्यांत सुधारून ठीक आली, नुसती वाट बघितलेल्यांपैकी ४६ टक्क्यांची. एकाग्रतेच्या चाचणीत दोन्ही गटांत ठळक फरक दिसला नाही, पण वागणूक आणि एकूण जगणं शस्त्रक्रिया झालेल्यांचं जास्त सुधारलं. त्यामुळे घाईही नको आणि हयगयही नको. डॉक्टरांशी बसून ठरवावं.

या तालुक्याला झोपेचं मोल नवं नाही. तुळजापूरची भवानी वर्षातून तीनदा सिंहासनावरून पलंगावर जाते. नवरात्राआधी घोरनिद्रा, दसऱ्यानंतर पौर्णिमेपर्यंत श्रमनिद्रा, पौषात मोहनिद्रा. महिषासुराशी लढून दमलेल्या देवीला विसावा हवा, हे इथल्या लहानथोरांना कुणी समजावून सांगावं लागत नाही. त्याच मातीत लेकराच्या झोपेची चौकशी मात्र कुणी करत नाही, आणि याला सरकारी यंत्रणाही अपवाद नाही.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात फेब्रुवारी २०१३ मध्ये महाराष्ट्रातच, पालघरला झाली. त्याची पथकं वर्षातून दोनदा अंगणवाडीत आणि एकदा शाळेत येतात, जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या लेकरांत ठरलेल्या तीस आजारांचा शोध घेतात. त्या यादीत कानाचा संसर्ग आहे, दमा आहे, चंचलपणाचा विकार आहे, डाउन सिंड्रोम आहे. झोपेत श्वास अडणं नाही. डाउन सिंड्रोम असलेल्या प्रत्येक लेकराची तीन ते चार वर्षांच्या दरम्यान झोप-तपासणी करावी, असं अमेरिकी बालरोगतज्ज्ञ सांगतात. म्हणजे आपलं पथक ज्या लेकराच्या नावापुढं खूण करतं, त्याचाच हा दुसरा आजार विचारायचा राहून जातो. ज्याला चंचल म्हणून नोंदवलं, त्याची झोप कशी आहे हेही विचारलं जात नाही. यादीत एकतिसावी ओळ घालायला यंत्र लागत नाही, औषध लागत नाही. "लेकरू आठवड्यात किती रात्री घोरतं?" एवढा प्रश्न पुरे. जळकोटपासून जवळच अणदूरला डॉ. शशिकांत आणि डॉ. शुभांगी अहंकारी यांच्या हॅलो मेडिकल फाउंडेशननं गावातल्याच बायकांना शिकवून 'भारतवैद्य' म्हणून उभं केलं. ज्या भागातल्या बायकांनी हे करून दाखवलं, तिथल्या आशाताईंना आणि अंगणवाडीताईंना हा प्रश्न जड जाणार नाही. धाराशिव जिल्ह्यानं तो आपल्यापुरता आजच सुरू करावा. वरून आदेश यायची वाट बघू नये.

आणि वाचकांना एक विनंती. दिवाळीत आत्या-मामांची लेकरं एका खोलीत झोपतील. त्यातलं एखादं घोरत असेल तर हसून सोडू नका. पहाटे तीन-चारच्या सुमाराला उठा, पांघरूण छातीपर्यंत बाजूला करा, चेहरा आणि पोट दोन्ही दिसतील आणि आवाज ऐकू येईल असं दोन मिनिटांचं चित्रीकरण मोबाईलवर घ्या. ते त्याच्या आईबापांना द्या आणि भाऊबीज आटोपली की बालरोगतज्ज्ञांना किंवा कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवायला सांगा.